रबर झिजावं, रिम नाही



परवा पावसानं उघडीप दिली म्हणून दादांची २८ इंची सायकल सोप्यातून बाहेर काढली. गजाचे ब्रेक. रबरं पार संपून पत्र्याचं घर रिमला घासत होतं. नवीन रबरं घातली आणि या ब्रेकची कथा तुम्हाला सांगावी वाटली.

सुरुवातीच्या उंच चाकाच्या सायकलींना भरीव रबराचे टायर असत. ब्रेक म्हणजे लोखंडी चमचा. मूठ दाबली की तो वरून थेट टायरवरच घासायचा. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हा माणूस धंद्यानं जनावरांचा डॉक्टर! आता हवेच्या टायरवर लोखंड घासलं तर टायर किती दिवस टिकणार? मग ब्रेक टायर सोडून रिमवर आला. आपल्या जुन्या सायकलीत मूठ दाबली की गज ओढला जातो आणि दोन्ही बाजूंची रबरं रिमला आतल्या अंगानं टेकतात.

वायरचा ब्रेकही तेव्हापासूनचाच. पण वायर आतून गंजते, अचानक तुटते. गज उघडा दिसतो, वाकला तर हातोडीनं सरळ होतो. रॅले, बीएसए या इंग्रजी सायकली गजाच्याच आल्या. पुढं सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हिरो (१९५६) निघाली, त्यांच्या काळ्या सायकलींनाही गजच राहिले.

याच १८८८ सालापासून किर्लोस्कर बंधूंचा बेळगावचा सायकलचा धंदा धरतात. लक्ष्मणराव मुंबईत शिकवायचे, तिथून सायकली पाठवायचे. बंधू रामूअण्णा त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. त्याच घरानं पुढं लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात! १९१० मध्ये आमच्या भागात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर घरोघरी गेला. त्या नांगराचा फाळ बदलता येतो. झिजायचं ते फाळानं झिजावं, नांगर तसाच राहावा. ब्रेकच्या रबराचंही तेच आहे.

हे मला फार महागात पडून कळलं. आठवीत होतो. दादा रोज सायकलवरून डेअरीला दूध घालायचे. एका सुट्टीला मी हौसेनं पुढची रबरं बदलली. घराचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. मी उघडं तोंड पुढं ठेवून बसवलं. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या उतारावर दादांनी ब्रेक दाबला, चाकानं रबर ओढून बाहेर फेकलं. दादा कॅनसकट खाली. दूध गेलं आणि उजवं मनगट मोडलं. पेरणी तोंडावर, औत धरायला माणूस नाही. भाड्यानं पेरणी करून घेतली, ती आठ दिवस मागं पडली.

दादा रागावले नाहीत. हात गळ्यात बांधलेला, तसेच सायकलीजवळ बसले आणि माझ्याकडून परत रबरं बसवून घेतली. म्हणाले, "चाक जिकडं पळतंय, तिकडं बंद तोंड. ध्यानात ठेव."

ज्यांच्याकडं अजून अशी सायकल आहे त्यांनी एवढं करा. आधी चाकाचा आउट काढून घ्या, नाहीतर रबर एका जागी घासतं आणि दुसऱ्या जागी टेकत नाही. घराचा नट सोडून जुनं रबर काढा, घर तारेच्या ब्रशनं साफ करा. नवीन रबर तळापर्यंत बसवा, बंद तोंड चाकाच्या फिरण्याकडं. दोन्ही रबरं रिमपासून सारख्या अंतरावर, साधारण दोन-तीन मिलिमीटर ठेवा आणि गजाचा नट घट्ट करा. रिमवर तेलाचा थेंबही नको. मग सायकल हातानं ढकलत दोनदा ब्रेक दाबून बघा, त्यानंतरच बसा. आणि पावसात हा ब्रेक उशिरा लागतो, लोखंडी रिम ओली झाली की रबर सरकतं. उतार दिसला की आधीपासूनच दाबत या.

दादा आता नाहीत. सायकलीची रिम मात्र अजून पहिलीच आहे.