लयजनक चेताजाल

पोहणे, उडणे, सरपटणे अशा आवर्ती हालचालींची लय निर्माण करणारे चेतापेशींचे जाळे. पाण्यात राहणारी औषधी जळू या जाळ्याच्या अभ्यासात फार उपयोगी ठरली आहे. तिच्या चेतारज्जूत धडाच्या खंडांच्या २१ गुच्छिका असतात. रज्जू शरीरापासून अलग केला, तरी पोहण्याच्या लयीचे संदेश त्यात उमटतात. म्हणजे लयीचा उगम चेताजालातच आहे. जळूच्या हृदयाची लय राखणाऱ्या चेतापेशींच्या जोड्या परस्परांना रोखतात : एक पेशी सक्रिय असताना दुसरी शांत राहते, मग रोध ओसरून पाळी बदलते.

प्रत्येक हालचालीची संवेदनाच पुढची हालचाल घडवते, असा यावर आक्षेप घेतला जाई. डोनाल्ड विल्सन यांनी १९६१ मध्ये टोळाच्या पंखांकडून येणाऱ्या संवेदना तोडल्या, तेव्हा उड्डाणाची लय मंदावली, पण थांबली नाही. म्हणून संवेदना अनावश्यक ठरत नाही. ती वेग ठरवते आणि हालचाल परिस्थितीशी जुळवते. मूळ लय मात्र चेताजालाचीच असते.