स्पोर्ट्स कारमध्ये कॉम्प्युटर कसा बसवतात? खरी कसरत बॅटरीची

आज पिकअपमध्येसुद्धा मोठ्या पडद्याची अँड्रॉइड टेप दिसते. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशी टेप दुकानात सहज मिळत नव्हती. त्या काळात अमेरिकेतले हौशी लोक सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जुळवायचे आणि गाडीत बसवायचे. त्याला 'कारप्युटर' असं नाव पडलं. गाणी, नकाशा आणि इंजिनची माहिती, सगळं एकाच पडद्यावर. कॉम्प्युटर जुळवणं त्यातलं सोपं काम. अवघड काम होतं ते त्याला गाडीच्या बॅटरीवर नीट चालवणं.

गाडी कोणती?

उदाहरण म्हणून जपानच्या मजदा कंपनीची एमएक्स-५ घेऊ. १९८९ साली आलेली ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. जागा अगदी कमी. पण पहिल्या मॉडेलमध्ये बॅटरी बोनेटखाली नसून मागे डिकीत असते. म्हणून कॉम्प्युटरही डिकीत ठेवला की वीजेची वायर आखूड पुरते. पुढे टेपच्या जागी ७ इंची टचस्क्रीन बसवायची आणि तिची केबल मॅटखालून मागे न्यायची.

बोर्ड लहान हवा

घरच्या कॉम्प्युटरचा नेहमीचा मदरबोर्ड साधारण ३०.५ बाय २४.४ सेंटीमीटरचा. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये 'मिनी-आयटीएक्स' हा १७ बाय १७ सेंटीमीटरचा प्रकार आणला आणि काम सोपं झालं. हार्ड डिस्कच्या आत चकती फिरते, खड्ड्यात गाडी आदळली की तिला धोका. म्हणून लॅपटॉपची छोटी डिस्क वापरायचे. आता एसएसडी मिळते, तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

सेल्फ मारला की अडचण

शेतात मोटर चालू करताना खोपीतला बल्ब क्षणभर मंद होतो, तसंच गाडीतही होतं. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास जातो. सेल्फ मारताना मात्र तो १० च्याही खाली येऊ शकतो. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

काही जण १२ व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर लावतात. त्यात वीज दोनदा बदलते, वाया जाते आणि उष्णता वाढते. त्यापेक्षा ६ ते २४ व्होल्ट चालवून घेणारा गाडीसाठीचा पॉवर सप्लाय बरा. त्याला चावीची वायरही जोडतात. चावी फिरवली की कॉम्प्युटर सुरू. चावी काढली की तो कॉम्प्युटरला नीट बंद व्हायला वेळ देतो आणि मग वीज तोडतो.

बॅटरी का उतरते?

हिशोब साधा आहे. ६० वॅटचा कॉम्प्युटर १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली तर कागदावर ७ तासांत रिकामी. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी गाडी सेल्फ घेत नाही. बंद असताना फक्त ०.१ अँपिअर जात असला तरी आठवड्यात जवळपास १७ अँपिअर-तास जातात, म्हणजे निम्मी बॅटरी. म्हणूनच चावी काढल्यावर वीज पूर्ण तुटली पाहिजे.

वायर आणि फ्यूज

• फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो कॉम्प्युटरसाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली आणि मध्ये फ्यूज नसला, तर गाडी पेटते.
• वायर जेवढा भार सोसते, त्यापेक्षा मोठा फ्यूज टाकू नये. फ्यूजच्या जागी तार तर कधीच नाही.
• पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच लावावं.
• अर्थ वायर रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर घट्ट आवळावी. ॲक्सिलरेटर वाढवला की स्पीकरमध्ये शिट्टी वाढत असेल, तर आधी अर्थ तपासावा.
• पिवळ्या कनेक्टरच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

ऊन आणि धक्के

बंद डिकीत हवा खेळत नाही, म्हणून पंखा आणि हवेला वाट ठेवावी लागते. पेटी स्क्रूने घट्ट बसवावी, खाली रबर द्यावं. नुसती ठेवलेली पेटी जोराच्या ब्रेकला उडून आपटते. उघड्या टपाच्या गाडीत साधी स्क्रीन उन्हात दिसतच नाही, जास्त उजेडाची घ्यावी लागते.

इंजिनची माहिती कुठून?

अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या कारना ओबीडी-२ हे ठरावीक सॉकेट सक्तीचं आहे. त्यातून इंजिनचे फेरे, पाण्याचं तापमान आणि बिघाडाचे कोड कॉम्प्युटरवर वाचता येतात. पण हे आकडे चालत्या गाडीत बघत बसायचे नाहीत.

आपल्या गाडीसाठी काय घ्यायचं?

जीप, पिकअपमध्ये अँड्रॉइड टेप बसवताना नियम हेच. फिटरला चार गोष्टी विचारा: फ्यूज कुठे टाकला, किती अँपिअरचा आहे, अर्थ कुठे दिला आणि चावी काढल्यावर वीज तुटते का? कंपनीची वायर कापायची असेल, तर वॉरंटीचं काय होईल तेही आधी शोरूमला विचारा. टेप बिघडली तर बदलता येते. पण पाच-दहा रुपयांच्या फ्यूजपायी गाडी जळाली, तर हातात काही उरत नाही.