उजेडात उजेड मिसळला की अंधार? दोन फटींचा प्रयोग नेमका काय सांगतो

एका खोलीत एक दिवा लावला की उजेड होतो. दुसरा लावला की उजेड वाढतो. हा आपला रोजचा अनुभव. पण पडद्यावर अशीही जागा असू शकते, जिथे एका फटीतून प्रकाश आला तर उजेड दिसतो आणि दुसरी फट उघडली की तिथेच अंधार पडतो. दोनशे वर्षांपूर्वी याच कोड्याने प्रकाशाबद्दलची समजूत बदलून टाकली.

न्यूटन यांच्या विरोधात एक डॉक्टर

प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा मारा, असं आयझॅक न्यूटन यांचं मत होतं. त्यांचा दबदबा इतका, की प्रकाश ही लाट आहे असं म्हणणाऱ्या ख्रिस्तियान हायगेन्स यांच्याकडे इंग्लंडमध्ये फारसं कुणी लक्ष दिलं नाही. थॉमस यंग (१७७३–१८२९) हे पेशाने डॉक्टर. १८०३ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग मांडला. खिडकीच्या झडपेतल्या बारीक छिद्रातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत त्यांनी जेमतेम एक मिलिमीटरहून कमी जाडीचं कार्ड आडवं धरलं. कार्डाच्या सावलीत रंगीत पट्टे दिसले. मग कार्डाच्या एका बाजूने जाणारा प्रकाश अडवला, तर सावलीतले ते पट्टे गायब! म्हणजे पट्टे तयार व्हायला दोन्ही बाजूंचा प्रकाश एकत्र यावा लागत होता. दोन फटींच्या रचनेचं वर्णन त्यांच्या १८०७ च्या व्याख्यानसंग्रहात येतं.

पट्टे का पडतात?

तळ्यात शेजारी शेजारी दोन खडे टाका. दोन्हींच्या लाटा एकमेकींत मिसळतात. चढावर चढ आला तर पाणी जास्त उसळतं. चढावर उतार आला तर तिथलं पाणी जवळपास शांत राहतं. याला व्यतिकरण म्हणतात.

प्रकाशाचंही तसंच. पडद्याच्या मध्यभागी दोन्ही फटींपासूनचं अंतर सारखं असतं, म्हणून तिथे उजळ पट्टा. थोडं बाजूला सरकलं की एका फटीपासूनचं अंतर जास्त होतं. हा फरक अर्ध्या तरंगलांबीएवढा झाला की चढ आणि उतार एकत्र येतात: काळा पट्टा. फरक पूर्ण तरंगलांबीएवढा झाला की पुन्हा उजळ.

साधं गणित

दोन शेजारच्या उजळ पट्ट्यांमधलं अंतर = तरंगलांबी × पडद्याचं अंतर ÷ दोन फटींमधलं अंतर.

लाल लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, पडदा २ मीटरवर आणि फटींमधलं अंतर पाव मिलिमीटर असेल, तर पट्टे ५.२ मिलिमीटर अंतराने पडतात. म्हणजे मिलिमीटरच्या हजारव्या भागाहूनही छोटी लाट साध्या फूटपट्टीने मोजता येते! फटी जवळ आणल्या तर पट्टे रुंदावतात. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी, म्हणून त्याचे पट्टे जवळजवळ पडतात.

मग प्रकाश गेला कुठे?

तो नष्ट होत नाही. दोन्ही फटींतून सारखाच प्रकाश येत असेल, तर उजळ पट्ट्याच्या मध्यावर तो एका फटीच्या दुप्पट नव्हे, चौपट तीव्र असतो. काळ्या पट्ट्यात जे कमी पडलं ते उजळ पट्ट्यात जमा झालेलं असतं. पूर्ण पडद्याची बेरीज दुप्पटच येते.

मग दोन बल्बांनी असे पट्टे का पडत नाहीत?

कारण दोन बल्बांच्या लाटांचा एकमेकींशी ताळमेळ नसतो. पट्टे बनतात, पण क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात जागा बदलतात. डोळ्याला सपाट उजेडच दिसतो. म्हणूनच या प्रयोगात एकाच उगमातून आलेला प्रकाश दोन वाटांनी पाठवतात.

घरी करून बघा

अंधाऱ्या खोलीत लेसर पॉइंटरच्या तोंडावर एक केस ताणून चिकटवा आणि प्रकाश २ मीटरवरच्या भिंतीवर पाडा. आडव्या रेषेत उजळ-काळे पट्टे दिसतील (केस उभा हवा). केस ०.०८ मिलिमीटर जाड असेल, तर एकाच बाजूच्या लागोपाठच्या काळ्या पट्ट्यांत साधारण दीड सेंटिमीटर अंतर असेल. उलट गणित करून स्वतःच्या केसाची जाडी काढा. लेसर कुणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका, चकचकीत वस्तूवरही मारू नका.

गोष्ट इथे संपत नाही

यंग यांना कौतुक मिळालं नाही. हेन्री ब्रूम यांनी 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये त्यांच्यावर कडाडून टीका केली. पुढे फ्रान्समध्ये ऑगस्टिन फ्रेनेल यांनी लाटांचं भक्कम गणित मांडलं, तेव्हा पारडं फिरलं.

विसाव्या शतकात कोडं आणखी गहिरं झालं. १९६१ साली क्लाउस यॉन्सन यांनी फटींमधून इलेक्ट्रॉन पाठवले, तरी पट्टेच दिसले. पुढच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. प्रत्येकाचा पडद्यावर एकच ठिपका उमटतो, पण हजारो ठिपके जमले की तेच पट्टे दिसू लागतात. उमटताना कण, वाट काढताना लाट! न्यूटन आणि यंग या दोघांच्याही चित्रात न बसणारं हे वागणं समजावायला पुंजभौतिकी लागली.