सपाट बुडाची नाव : शांततेत आणि युद्धात

मुळशीच्या खोऱ्यातील मुळा ही मूळची पूर्ववाहिनी नदी. तिचे पाणी भीमेच्या वाटेने कृष्णेला मिळते. ज्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, त्या धरणाने या पाण्याची दिशा पालटली. १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले आणि घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात उतरून कुंडलिकेला मिळू लागले. मनुष्याने मात्र ही उतरण फार पूर्वीच ओळखली होती. मुळशीहून ताम्हिणीच्या वाटेने कोकणात उतरता येते, आणि कुंडलिका समुद्राला मिळते तेथे चौल हे प्राचीन बंदर आहे. कान्हेरीच्या दानलेखांत ‘चेमुल’ या नावाने त्याचा निर्देश येतो. अशा बंदरांचा व्यापार घाटावर बैलाच्या पाठीवर चाले, तर खाडीत नावेवर. त्यांतील उथळ पाण्याच्या नावेचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

खोल समुद्रातील जहाजाला तळाशी कणा लागतो; त्याच्या आधाराने ते वाऱ्याला तोंड देते. खाडीत तोच कणा अडचणीचा ठरतो, कारण ओहोटीला पाणी ओसरले की असे जहाज चिखलात कलंडते. सपाट बुडाची होडी त्याच चिखलावर सरळ बसते, माल उतरवून देते आणि पुढील भरतीबरोबर पुन्हा तरंगते. वल्हे चालत नाही तेथे बांबू रोवून ती रेटता येते. भर समुद्रात मात्र वाऱ्यापुढे ती आडवी वाहवते. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही तिच्या बुडातच आहेत.

पालि वाङ्मयाला या साधनांचा सूक्ष्म परिचय आहे. महापरिनिब्बानसुत्तात गंगा ओलांडू पाहणारे लोक कोणी नावा, कोणी उळुम्प शोधतात, तर कोणी कुल्ल बांधतात. अट्ठकथेनुसार खुंट्या ठोकून जोडलेला तो उळुम्प आणि वेलींनी बांधलेला तो कुल्ल, दोन्ही तराफेच. भिक्खूने भिक्खुनीसह संकेत करून नावेतून प्रवाहाच्या वर वा खाली जाऊ नये, पलीकडे उतरण्यास मात्र हरकत नाही, असा विनयाचा नियम आहे. म्हणजे नदीतून प्रवास करणे आणि नदी उतरणे यांत त्या काळी स्पष्ट भेद होता. ज्या पाटलिगामच्या घाटावर लोक पैलतीर गाठण्यासाठी तराफे शोधत होते, त्याच गावी सुनीध आणि वस्सकार हे मगधाचे महामात्य वज्जींना रोखण्यासाठी नगर बांधून घेत होते. एकाच काठावर शांततेचे उतारू होते आणि युद्धाची सिद्धताही होती.

महाराष्ट्रात हेच दोन्ही पैलू नाशिकच्या लेण्यांतील एकाच शिलालेखात आढळतात. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावांची विनामूल्य तर ठेवल्याची नोंद तेथे आहे. मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या सुटकेसाठी तो पावसाळ्यात चालून गेला, हेही तोच लेख सांगतो. त्याच डोंगरात, जवळच्याच ८ क्रमांकाच्या लेण्यात, मुगुदास नावाच्या ‘दासका’चा सपरिवार दानलेख आहे. दासक म्हणजे मासेमार, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. राजाच्या जावयाने तर दिली. पाण्यावर पोट असलेल्या माणसाने भिक्खुसंघाला लेणे दिले. धम्माच्या दारी दोघांचीही नावे दगडावर कोरली गेली.

युद्धातील उदाहरण खांदेरीचे. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी या बेटाच्या तटबंदीचे काम हाती घेतले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी आणि तोफा भारी होत्या. पण रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून बेटावर रसद नेणाऱ्या हलक्या, उथळ बुडाच्या होड्या त्यांना अडवता आल्या नाहीत. दौलतखान यांच्या आरमाराने १८ ऑक्टोबरला इंग्रजांशी झुंज दिली, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. व्यापाराचा माल वाहणारी नावेची तीच रचना येथे युद्धाच्या कामी आली.

शांतता आणि युद्ध यांखेरीज आणखी एक प्रवास आम्हांस विसरता येत नाही. १९२७ च्या डिसेंबरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरला आले आणि सावित्रीच्या खाडीने २५ तारखेला दासगावला उतरून महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या वर्षी मुळशीचे पाणी डोंगर पोखरून कोकणात नेण्यात आले, त्याच वर्षी आमच्या बांधवांना एका तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी लढावे लागत होते.

इतिहासग्रंथांत राजांची आणि सरदारांची नावे पुष्कळ येतात. वल्हे मारणाऱ्यांची क्वचितच. म्हणून नाशिकला जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी उषवदाताचे भव्य लेणे पाहून परतू नये. मुगुदासाचा लहानसा लेखही थांबून पाहावा, आणि सोबत आलेल्या मुलांना तो कोणाचा आहे हे सांगावे.