तारा टांगलेल्या घरापर्यंत

दार जड आहे, खांद्याने ढकला. जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या कॅथेड्रलच्या टेकडीखाली ‘श्लेंकेरला’ नावाचे हे घर 1405 सालापासून कागदोपत्री सापडते. आत पाऊल टाकताच कुठे आलो हे डोळ्यांआधी नाकाला कळते. तुळया काळवंडलेल्या, बाके घासून गुळगुळीत झालेली, आणि लाकडी पिंपातून भरलेला अर्ध्या लिटरचा ग्लास तुमच्यापुढे येतो. फ्रँकोनियात याला ‘सायडला’ म्हणतात. बियर काळपट, फेस दाट, आणि पहिल्याच घोटाला तोंडात बीच लाकडाचा धूर भरतो. अनेक जण इथेच ग्लास बाजूला सारतात. तुम्ही सारू नका. अर्धा ग्लास संपेपर्यंत जीभ सरावते आणि धुरामागचा माल्टचा गोडवा पुढे येतो.

पाचशे वर्षांपूर्वी ही चव कोणालाच नवलाची वाटली नसती. जव भिजवून त्याला मोड आणायचे आणि ते आणखी वाढू नयेत म्हणून भट्टीवर सुकवायचे, ही बियरची पहिली पायरी. भट्टीत लाकूड जळायचे आणि त्याचा धूर थेट धान्यातून वर जायचा. धूर वेगळा काढून नुसत्या गरम हवेवर जव सुकवता येऊ लागले, तेव्हा जवळजवळ सगळ्या युरोपाने सुटकेचा निःश्वास टाकला. बाम्बेर्गमधल्या दोन घरांनी मात्र जुनी भट्टी विझवली नाही. एक हे, दुसरे नदीपलीकडचे ‘श्पेत्सियाल’.

ग्लास रिकामा करून बाहेर पडा. गल्लीत दिवे नाहीत, पायाखाली चिखल आहे. जुलै 1628. लोक बोलताना मागे वळून पाहतात. दोन वर्षांपूर्वी, 1626 च्या मे महिन्यात, अवेळी कडाक्याचे हिमतुषार पडले आणि द्राक्षमळे, धान्य सगळे एका रात्रीत करपले. दोष कोणाला द्यायचा? चेटकिणींना. राजबिशपने त्यांच्यासाठी खास तुरुंग बांधला आहे आणि त्यात गावचा महापौर योहानेस युनियस कोंडलेला आहे. छळात चिरडलेल्या बोटांनी तो मुलीला, वेरोनिकाला, चोरून पत्र लिहितो आहे. मी निर्दोष आहे, छळ सोसवेना म्हणून खोटी कबुली दिली, असे त्याचे सांगणे. 6 ऑगस्टला त्याला मारतील. ते पत्र आजही टिकून आहे. बाम्बेर्गला येणाऱ्याने नदीच्या मधोमध उभी असलेली जुनी नगरपालिका पाहावी, कोळ्यांची ओळीतली घरे पाहावीत, आणि या माणसाचे नाव घेऊनच पुढे निघावे असे मला मनापासून वाटते. सुंदर गावे आपली पापे फार चटकन विसरतात.

आता गाडी दक्षिणेला. चाक अर्थात न प्यायलेल्याच्या हाती. पंचवीसेक किलोमीटरवर फोर्खहाइम, आणि गावामागच्या टेकडीवर बियरची तळघरे. साल 1845, उन्हाळा ऐन भरात. बव्हेरियात 1553 पासूनचा नियम अजून लागू आहे: 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बियर बनवायची नाही. उन्हाळ्यात ती हमखास नासायची आणि भट्ट्यांच्या आगीचीही भीती असायची. म्हणजे हिवाळ्यात बनवलेली बियर ऑक्टोबरपर्यंत टिकवायची. त्यासाठी टेकडीच्या वालुकाश्मात लांबच लांब बोगदे खोदले आहेत. आत शिरताच घाम अंगावरच गार होतो. बारा महिने आठ-दहा अंश. वर, जमीन तापू नये म्हणून रुंद पानांच्या चेस्टनट झाडांची सावली. पिंप गावात वाहून न्यायचे आणि वाटेत ते तापवायचे, त्यापेक्षा लोकांनीच टेकडी चढलेली बरी. चेस्टनटखाली बाके पडली ती अशी. जगभर पसरलेल्या बियर गार्डनचे मूळ हेच, साठवणुकीची अडचण.

याच घडीला, इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या बेर्नडोर्फमध्ये, पाद्र्याच्या घरी तीन वर्षांचा कार्ल लिंडे खेळतो आहे. तीस वर्षांनी तो म्युनिकच्या ब्रुअऱ्यांसाठी शीतयंत्र उभे करेल. मग तळघर लागणार नाही, हिवाळा लागणार नाही, बियर कुठेही बनेल आणि कुठेही जाईल. आपल्या घरातला फ्रिज त्याच यंत्राच्या वंशातला. तळघरांच्या मुलखातच तळघरांची गरज संपवणारा माणूस जन्मावा, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. तरी फोर्खहाइमची बाके अजून आहेत, आणि जुलैअखेरीच्या आनाफेस्टच्या जत्रेत त्यांवर बसायला जागा मिळत नाही.

पुढे वीझेंट नदीचे खोरे. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके. ट्युखर्सफेल्टला या सुळक्यांच्या कुशीत घरे अशी अडकवली आहेत की गाडी थांबवावीच लागते. 1793 च्या मेमध्ये याच खोऱ्यातून दोन विद्यार्थी घोड्यावरून चालले आहेत, लुडविग टीक आणि विल्हेल्म वाकेनरोडर. पडके किल्ले आणि गुहा पाहून ते भारावले आहेत. जर्मन रोमँटिक साहित्याची एक वाट इथून निघते. जवळच्या एका गुहेत पाद्री योहान फ्रीडरिश एस्परने प्रचंड हाडे पाहिली आणि 1774 मध्ये त्यांच्यावर ग्रंथ छापला. ती गुहा-अस्वलाची हाडे. त्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळेल 1794 मध्ये, या दोघांच्या फेरीनंतर वर्षभराने. अस्वलाचा जोडलेला सांगाडा बघायचा असेल तर आजच्या काळात परत या आणि पोटेनश्टाइनच्या ‘सैतानाच्या गुहेत’ तिकीट काढा.

आउफ्झेसला पोचलात की गाडी लावून टाका. सुमारे तेराशे वस्तीच्या या ग्रामपंचायतीत चार ब्रुअऱ्या आहेत. 2001 मध्ये गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. चारही जोडणारी चौदा-एक किलोमीटरची पायवाट शेतांतून, रानातून जाते. हेकेनहोफला मोटारसायकलवाल्यांची गर्दी, बाकीच्या तिन्हीकडे शांतता. सगळ्या ओबरफ्रांकनमध्ये, म्हणजे वरच्या फ्रँकोनियात, माणसे दहा लाखांच्या घरात आणि ब्रुअऱ्या दीडशेच्या आसपास. इतक्या कशा टिकल्या? माझे उत्तर असे की यांतल्या बहुतेकांनी मोठे होण्याचा हट्टच धरला नाही. बियर दहा-वीस कोसांत संपते, दुकानांच्या मोठ्या साखळीकडे जात नाही, म्हणून साखळीच्या भावाने मरतही नाही. तिला तुमच्याकडे यायचे नाही. तुम्हाला तिच्याकडे जावे लागते, आणि या सगळ्या प्रवासाचे कारण तेवढेच आहे.

शेवटचा टप्पा पूर्वेकडे, झेक सीमेजवळच्या विंडिशएशनबाखला. गावाबाहेर 83 मीटर उंच पोलादी मनोरा दिसतो. इथे शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या कवचात भोक पाडले. 1994 मध्ये 9101 मीटरवर ते थांबले, कारण खालच्या उष्णतेने खडक मऊ पडू लागले होते. रस्त्याच्या कडेला याहून खोल काही पाहायला मिळणे कठीण. तासभर द्या.

मग गावात या आणि माना वर करून चाला. कुठल्यातरी घराच्या भिंतीवर, काठीला, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा सहा टोकांचा तारा लटकलेला दिसेल. त्या घरात आज ‘त्सॉइगल’ आहे.

त्सॉइगल म्हणजे गावकीची बियर. ती बनवण्याचा हक्क माणसाला नाही, घराला असतो. घर विकले तर हक्क घरासोबत जातो, जुन्या वतनासारखा. शेजारच्या नॉयहाउसला हा हक्क 1415 मध्ये मिळाला. भट्टी साऱ्या गावाची एकच. हक्कदार आपापल्या पाळीला माल्ट आणि हॉप्स घेऊन येतो, कढईखाली लाकडे सारतो आणि तासन् तास उकळतो. उकळलेला गोडसर काढा रात्रभर एका मोठ्या, उथळ, उघड्या तसराळ्यात निवतो. वाफ छताच्या फळ्यांना लागून परत ठिबकते, कढईशेजारी उभ्या माणसाचे कपाळ लाल होते, राखेचा वास कपड्यांत बसतो. इथे मी तुम्हाला साल सांगणार नाही. दारातून ट्रॅक्टर दिसला नाही तर तुम्हालाही ते ओळखता येणार नाही. सकाळी काढा ज्याच्या त्याच्या तळघरात जातो, तिथे यीस्ट पडते आणि काही आठवडे तो मुरतो. भट्टी एक, कढई एक, पण चव घराघराची वेगळी. कोणते घर सरस यावर गावात वाद आहेत आणि ते मिटू नयेत.

तारा टांगलेल्या घरात स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसा. मोकळे टेबल शोधू नका; जिथे जागा असेल तिथे, अनोळखी माणसांच्या शेजारी टेकायचे, मान लववायची. ब्रोटझाइट मागवा: पाव, घरचे सॉसेज, चीज, मुळा. पिणाऱ्यांत सुतार असेल, डॉक्टर असेल, आणि घरची आजी पैसे घेताना सगळ्यांशी एकाच सुरात बोलेल. बियर गाळलेली नाही, फेस मऊ आहे, आणि किंमत मोठ्या शहरातल्यापेक्षा कमी आहे.

सोमवारी रात्री हा तारा उतरेल. पुढच्या वेळी पाळी कोणाची, ते तिथे टांगलेल्या कॅलेंडरवर पाहून घ्या आणि त्या घरचा पत्ता विचारून ठेवा. वाल्डनाब नदी ओलांडली की नॉयहाउस पायी गाठता येते. तिथले तारे वेगळे, पाळ्या वेगळ्या, आणि आजीला विचारलेत तर ती तुम्हाला कोणत्या घरी जाऊ नये हेही सांगेल.