नामं इंग्रजी, क्रियापदं मराठी: नववीच्या तासाची दीडशे वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांना शिफ्टमध्ये इयरफोन लावू देत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जे फार पसरलं होतं ते आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

एक करून बघा. सकाळी भोसरीत, चाकणच्या कंपनी बसची वाट बघणाऱ्यांच्या शेजारी दोन मिनिटं उभे राहा. "सेकंड शिफ्टला लाइन बंद पडली, क्वालिटीवाल्यांनी अख्खा लॉट रिजेक्ट केला, मग रिवर्क, मग ओव्हरटाइम." असं काहीतरी कानावर येईल. यातले इंग्रजी शब्द मोजा. शिफ्ट, लाइन, क्वालिटी, लॉट, रिवर्क. वाक्य उभं मात्र मराठीवर आहे. पडणं, करणं, होणं हे आपलं. म्हणजे हा माणूस दिवसाचे आठ-दहा तास इंग्रजी शब्दांत राहतो, आणि तरी हीच गोष्ट मेलमध्ये लिही म्हटलं की शेजारच्या टेबलावरच्या पोराला हाक मारतो. सुपरवायझर व्हायचं की नाही, हे पुष्कळदा त्या मेलवर अडतं.

आता समजा या माणसाची मुलगी महापालिकेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. तिच्या इंग्रजीच्या टीचरचं काम काय? शब्द तर तिच्या घरात आधीच आहेत. ते जोडणारं वाक्य द्यायचं. आजचा भाग या तासाबद्दल आहे.

या मुलीची शाळा थोडी वेगळी आहे. इमारत महापालिकेची, मुलं वस्तीतली, फी नाही, पण शाळा चालवते एक संस्था. अमेरिकेत याच्या जवळच्या प्रकाराला चार्टर स्कूल म्हणतात: सरकारी पैसा, खासगी कारभार. तिथला पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ला झाला आणि पहिली शाळा १९९२ला सेंट पॉल शहरात उघडली. आपल्याकडे याला सरळ पीपीपी म्हणतात. ऐकायला नवीन वाटतं. पण काही ध्येयवेड्या तरुणांनी एकत्र येऊन, सरकारी खात्याच्या बाहेर राहून, इंग्रजी हायस्कूल काढायचं, ही गोष्ट पुण्याला चांगलीच जुनी आहे.

जानेवारी १८८०. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडलेली. सोबत बाळ गंगाधर टिळक आणि महादेव नामजोशी. शाळेचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. वर्षभरात आगरकर येऊन मिळाले, वामन शिवराम आपटेही आले. गंमत बघा, चिपळूणकर म्हणजे 'निबंधमाला'कार, मराठीचा कट्टर अभिमानी. आणि शाळा काढली इंग्रजी! इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती त्यांच्याच नावावर सांगतात. याच मास्तर मंडळींनी १८८१ला दोन वर्तमानपत्रं काढली, 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत. लोकांशी बोलायला एक भाषा आणि सरकारशी भांडायला दुसरी, हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

शाळा जोरात चालली. १८८२ला शिक्षणाची चौकशी करणारं हंटर कमिशन आलं, तेव्हा हंटरसाहेबांनी या शाळेचं तोंडभरून कौतुक केलं.

पण त्याच वर्षी त्याच कमिशनपुढे पुण्यातूनच दुसरा एक आवाज गेला. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं जोतीराव फुल्यांचं निवेदन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की ज्ञान झिरपत खाली येईल म्हणता, ते कुठे झिरपलंय? आधी सगळ्यांना प्राथमिक शिक्षण द्या, आणि शिकलेल्या मास्तरला महिन्याला १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नका.

इथे एक गैरसमज काढून टाकू. फुले इंग्रजीच्या विरोधात नव्हते. ते स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेले. सावित्रीबाईंच्या १८५४च्या 'काव्यफुले'त तर इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. इंग्रजी हवीच, पण ती कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या पोरांना, असा त्यांचा प्रश्न होता.

आणि १९ ऑक्टोबरला टिळक-आगरकर कुठे होते माहितीये? डोंगरीच्या तुरुंगात. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली होती, १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. त्याआधी त्यांच्या जामिनासाठी फुल्यांनीच आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना पुढे केलं होतं. मतभेद एवढे, आणि वागणं हे. मला हा किस्सा दर वेळी थांबवतो.

बरं, न्यू इंग्लिश स्कूलच्या मास्तरांचं पुढे काय झालं, हे आजच्या शाळांसाठीही महत्त्वाचं आहे. १८८४ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ला फर्ग्युसन कॉलेज. संस्थेत 'लाइफ मेंबर' असायचे. त्यांनी वीस वर्षं सेवा करायची. गोपाळ कृष्ण गोखले विशीच्या आतच इथे शिकवायला लागले, इंग्रजीही शिकवली आणि महिना ७५ रुपयांवर ती वीस वर्षं पुरी केली. पण सगळ्यांना ते जमलं नाही. बाहेरची कमाई करायची की नाही, पगार वाढवायचा की त्याग तसाच ठेवायचा, यावर वाद पेटला आणि १८९०ला टिळकांनी राजीनामा दिला. मास्तरच्या त्यागावर शाळा उभी राहते. पण त्यागावर ती किती वर्षं चालवायची, हा प्रश्न दहा वर्षांतच समोर आला होता.

आता मोठी उडी मारू, स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई राज्यात. सरकारने पाचवी ते सातवीतली इंग्रजी काढली आणि ती आठवीपासून ठेवली. १९५४ला तर आदेश निघाला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना नवा प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तो आदेश टिकला नाही. हेतू मातृभाषेचा होता, त्यात खोट नव्हती. पण ज्यांना पैसे देऊन इंग्रजी मिळवता येत होती त्यांनी मिळवली, आणि बाकीच्यांना आठवीत एबीसीडी. पुढे मराठी शाळांत पाचवीपासून इंग्रजी आली.

याच काळात आपला पट्टा उभा राहत होता. १९५४ला पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. १९७०ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका, आणि ११ ऑक्टोबर १९८२ला महानगरपालिका. फुल्यांच्या निवेदनाला शंभर वर्षं पुरी व्हायला आठ दिवस कमी. योगायोगच, पण मजेशीर. कामगार मराठवाड्यातून आले, खानदेशातून, उत्तर कर्नाटकातून, नंतर यूपी-बिहारमधून. त्यांची पोरं महापालिकेच्या शाळेत गेली. महापालिकेची मुख्य जबाबदारी प्राथमिक शाळेची. सातवी-आठवीनंतर तुमचं तुम्ही बघा, असा मामला पुष्कळांच्या वाट्याला आला. नेमकी जिथे भाषा घट्ट व्हायची, तिथे शाळा बदलायची.

मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आणणारे शिक्षणमंत्री याच भागातले, हे किती जणांना माहीत आहे? प्रा. रामकृष्ण मोरे. चिंचवडच्या प्रेक्षागृहावर ज्यांचं नाव आहे, तेच. निर्णय २०००चा. टीका खूप झाली: मराठी मरेल, पोरांवर ओझं पडेल, शिकवणार कोण? शेवटचा प्रश्न खरा होता. जे गुरुजी स्वतः तर्खडकरी पद्धतीने, भाषांतर करत आणि क्रियापदाची तीन रूपं पाठ करत शिकले होते, त्यांना अचानक सहा वर्षांच्या पोरांशी इंग्रजीत बोलायचं होतं. तरी माझं मत सांगतो, मोऱ्यांचा निर्णय बरोबर होता. कामगाराच्या पोराने इंग्रजीसाठी पाचवीपर्यंत का थांबायचं?

आणि मग पीपीपीच्या शाळा आल्या. १९९१ला मुंबईत सुरू झालेल्या आकांक्षा फाउंडेशनने २००७च्या सुमारास महापालिकांच्या इमारतींत इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवायला घेतल्या. २००९ला टीच फॉर इंडियाचे पहिले फेलो मुंबई-पुण्याच्या वर्गांत उभे राहिले, दोन वर्षांच्या बोलीवर. गोखल्यांची वीस वर्षं आणि यांची दोन. तुलना अन्यायाची आहे, मान्य. पण नववीच्या मुलीच्या बाजूने बघा. तिला सातवीत एक दीदी, नववीत दुसरे भैया. भाषा शिकवणारा माणूस तुमच्या चुका ओळखायला लागतो तोवर जायची वेळ होते. म्हणून अशा शाळांत खरा भार टिकून राहिलेल्या टीचरवर असतो.

बोपखेलचं उदाहरण घ्या. आकांक्षाने चालवलेली तिथली पीसीएमसी इंग्लिश मीडियम स्कूल २०२२ला 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्काराच्या पहिल्या दहांत आली, समाजाला सोबत घेण्याच्या गटात. स्थानिक डॉक्टर, दुकानदार, धर्मगुरू यांना धरून शाळेने वस्तीतल्या घरांच्या खाण्यापिण्यात बदल घडवायचा प्रयत्न केला होता. बोपखेल म्हणजे ते गाव, ज्याचा सीएमईतून जाणारा रस्ता २०१५ला बंद झाला आणि लोकांना लांबचा वळसा पडला. तिथली शाळा जगाच्या यादीत गेली.

आता परत आपल्या नववीच्या तासाकडे. फळ्यावर पॅसिव्ह व्हॉइस. मुलं कंटाळलेली, कर्ता मागे टाका, 'बाय' लावा, झालं. पण बापाच्या कंपनीतला रिपोर्ट याच रचनेत लिहिलेला असतो: भाग तपासला गेला, लॉट नाकारला गेला. कोणी नाकारला ते लिहायचं नाही, म्हणूनच तर ही रचना. चांगली टीचर हे सांगते, आणि मुलांना घरून पाच कामाचे शब्द आणायला लावते. गेज, फिक्श्चर, रिजेक्शन. मग त्या शब्दांना क्रियापदं जोडायची. त्या दिवशी बापाला घरी पहिल्यांदा विचारलं जातं की रिवर्क म्हणजे नक्की काय करता, आणि तो जेवण थांबवून सांगतो.

एक वर्षानंतर बोर्डाची परीक्षा. मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीला इंग्रजी थर्ड लँग्वेज असते. या मुलीचं माध्यम इंग्रजी, म्हणून तिच्या पेपरवर छापलेलं असतं: फर्स्ट लँग्वेज. घरी आई कन्नड बोलते, बाप मराठी, गल्ली हिंदी. ऐंशी मार्कांचा पेपर, तीन तास.