संगणकप्रणालीची पुनर्स्थापना (मूळ डिस्कविना)

संगणकाची कार्यप्रणाली बिघडल्यास किंवा हार्डडिस्क बदलल्यास तीच प्रणाली त्याच यंत्रावर पुन्हा बसविण्याची क्रिया. बोलीत ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकणे’ असे म्हणतात. प्रणालीसोबत मिळालेली मूळ डिस्क (सीडी किंवा डीव्हीडी) हे प्रणालीचे निव्वळ वाहन होय. वापराचा हक्क लायसन्सने मिळतो. म्हणून डिस्क हरवली तरी लायसन्स शाबूत असल्यास पुनर्स्थापना कायदेशीर ठरते.

कायदा : प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार, संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३-बी अन्वये किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आर्थिक लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कैद माफ करू शकते.

पद्धती : विंडोज ७ च्या काळापर्यंत तयार संगणकावरच लायसन्सच्या २५ अक्षरी ‘की’चे स्टिकर असे. विंडोज ८ (२०१२) पासून तयार संगणकांत ही की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच असते आणि इन्स्टॉलर ती आपोआप वाचतो. विंडोज १० (२०१५) मध्ये यंत्राशी जोडलेले डिजिटल लायसन्स आले. मायक्रोसॉफ्टचे मोफत मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रणाली उतरविता येते; मात्र होम, प्रो यांपैकी मूळचीच आवृत्ती निवडावी लागते. अनेक लॅपटॉपमध्ये उत्पादकाने राखलेला रिकव्हरी विभागही असतो. संगणकासोबत आलेले लायसन्स त्या यंत्रापुरते असते. स्वतंत्रपणे विकत घेतलेले दुसऱ्या यंत्रावर नेता येते. फाइलींची प्रत मात्र आधी काढून ठेवावी, कारण फॉरमॅटने त्या जातात. लायसन्सच नसल्यास क्रॅकचा मार्ग न धरता सी-डॅकच्या ‘बॉस’ लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविता येते.

वारणानगरचा अनुभव : पन्हाळा तालुक्यातील वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणककेंद्रांनी जोडून ऊसउत्पादकांना गावातच माहिती मिळावी, हा हेतू होता. अशा केंद्रात यंत्र बंद पडले की शेतकऱ्याचे उसाच्या वजनाचे किंवा खताच्या हिशेबाचे काम अडते. म्हणून प्रणाली लवकर पुन्हा बसविता यावी यासाठी दुरुस्तीइतकीच लायसन्सची नोंद महत्त्वाची. प्रत्यक्षात केंद्रांतील संगणक मुख्यतः कारखान्याशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठीच वापरले जात आणि त्यांची देखभाल खर्चिक पडे. पुढे ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात ७ गावांतील हेच काम मोबाइलच्या एसएमएसवर हलविले गेले; त्याचा अहवाल २००७ मध्ये मांडला गेला. तेवढ्या गावांपुरते तरी संगणक सांभाळण्याचे ओझे केंद्रावरून उतरले.